विजेरीच्या उजेडात लाल

३ फेब्रुवारी

माजी पाणबुडे, सागरी संशोधन केंद्र, यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून दचकू नये. तुमच्या आईंची तब्येत ठणठणीत आहे. कालच त्या दूधवाल्याशी भांडल्या आणि जिंकल्या.

लिहिण्याचं कारण असं. केंद्रात एक नवी संशोधक रुजू झाली आहे. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं भरभर, जेवण विसरते. आई तिला चष्मेवाली म्हणतात, त्यामुळे आता शिपायापासून संचालकांपर्यंत सगळेच म्हणतात. तळमजल्यावरच्या बरण्यांच्या खोलीत ती गेले दोन महिने ठाण मांडून बसली आहे. एकेका जुन्या स्पंजाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, ब्लीचमध्ये टाकायचा, मांस विरघळून गेलं की तळाशी उरलेल्या काचेच्या सुया धुवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. स्पंजाची ओळख पटते ती त्याच्या सुयांवरून, हे तुम्हाला सांगायला नको.

गेल्या आठवड्यात ती धापा टाकत माझ्या टेबलाशी आली. "बाई, हे बघा आणि मला वेड लागलंय का ते सांगा." मी बघितलं. टाचणीसारख्या, एका टोकाला डोकं असलेल्या सुया होत्या, त्यात नवल नाही. पण त्यांच्या मध्ये बारीक चांदण्या विखुरल्या होत्या आणि प्रत्येक चांदणीच्या एकाच काट्याला फाटा फुटलेला. मी आयुष्यभर सुया बघत आले. असला फाटा कधी बघितला नव्हता. आम्ही दोघींनी मिळेल ते सगळं पालथं घातलं. ही जात कोणीच नोंदवलेली दिसत नाही.

तो स्पंज तुम्ही वर आणला होता. बरणीच्या चिठ्ठीवर तुमचं अक्षर आहे: "पायऱ्यांचा खडक, खाली." बस. तुमच्या लेखी 'खाली' हा पुरेसा पत्ता होता.

नव्या जातीचं वर्णन लिहायचं तर जिवंतपणीचा रंग लागतो आणि नेमकी जागा लागते. मद्यार्कात सगळे स्पंज एकाच रंगाचे होतात, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या. मी त्यांना त्याच रंगात ओळखते. जिवंत बघितलेले तुम्हीच.

तेव्हा कृपया कळवावे: रंग कोणता होता? जागा कुठली?

उत्तर लेखी द्यावे. फोनवर आपण दोघं दर रविवारी "हॅलो", "देते" एवढंच बोलतो आणि मी फोन आईंच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जाते. त्या दोन शब्दांत स्पंज बसणार नाही.

वर्गीकरण विभाग


१९ फेब्रुवारी

अरे,

कार्ड मिळालं. "तुम्ही कोण? मी एका बाईला ओळखायचो, ती मला अरे म्हणायची," हे वाक्य मी आईंना वाचून दाखवायला नको होतं. हसून हसून त्यांना ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. वर म्हणाल्या, "बरं झालं, कोणीतरी तुझी खोड मोडली."

तर अरे. झालं समाधान?

रंगाचं तू लिहिलंस ते चष्मेवालीने तिच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. "विजेरीशिवाय काळा. विजेरी मारली की लाल, ताज्या जखमेसारखा. खरा कुठला ते वर्गीकरण विभागाने ठरवावे." वर्गीकरण विभागाने ठरवलं आहे: लाल. पाणी वरच्या वरच लाल उजेड गिळून टाकतं, खाली पोचतो तो निळा. म्हणून खोलवर लाल वस्तू काळी दिसते. तिचा रंग कुठे जात नाही, त्याला भेटायला उजेड येत नाही इतकंच. तू हे मला लग्नाच्या आधी सांगितलं होतंस, धक्क्यावर, शेंगदाणे खात. तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस माझ्यावर छाप पाडायला काहीही ठोकून देतोय. मग ग्रंथालयात जाऊन तपासलं. खरं निघालं. ते तपासायला मी गेले होते हे तुला कधी सांगितलं नाही.

आईंना सध्या स्पंजाचं भारी कुतूहल आहे. चष्मेवाली संध्याकाळी घरी चहाला येते, तिला त्या प्रश्न विचारून भंडावतात. परवाचा संवाद ऐक.

"तोंड कुठाय त्याला?"

"नाही, आजी."

"पोट?"

"नाही."

"हृदय?"

"तेही नाही. मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. अंगभर नुसती भोकं. बारीक भोकांतून पाणी आत जातं. आत छोट्या छोट्या खोल्या असतात. त्यांच्या भिंतींना एकेक पेशी चिकटलेली, तिला चाबकासारखा एक केस. तो केस सारखा फटकारे मारतो, त्याने पाणी ओढलं जातं. केसाभोवती गाळणीसारखी कॉलर असते, त्यात पाण्यातले जिवाणू अडकतात, तेच जेवण. उरलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर."

आईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे घेतो गुपचूप, हजार ठिकाणांहून, आणि मोठं भोक आहे ते फक्त बाहेर टाकायला. अगं, हा तर माझ्या नणंदेचा नवरा."

चष्मेवालीचा चहा नाकातून आला.

मी हसत होते आणि मला तुझे हात आठवत होते. स्पंज हाताळून आलास की तळव्यांत काचेच्या सुया रुतलेल्या असायच्या, दिसायच्या नाहीत, नुसती खाज. मी चिकटपट्टी लावायची आणि सर्रकन ओढायची. तू ओरडायचास. आई आतून विचारायच्या, "मारतेस का गं त्याला?" मग मी ती पट्टी भिंगाखाली धरायची आणि तुला सांगायची, आज तू कोणाकोणाला भेटून आलास. एकदा एका पट्टीवर तीन जातींच्या सुया निघाल्या होत्या. तू म्हणालास, "घरी बायको अशी असल्यावर माणूस लपवणार काय?"

दुसऱ्या पायरीखाली, डावीकडची कपार, छताला. समजलं. चष्मेवाली पुढच्या आठवड्यात बुडी मारणार आहे. बुडी मारायचं रीतसर शिक्षण तिने घेतलंय, काळजी नको.

तिकडे थंडी संपली का? लाकडाच्या वखारीत बसून तुझ्या पायाला त्रास होतो का, असं आई विचारतात. (आईच विचारतात.)


११ मार्च

अरे,

सापडला नाही.

चष्मेवाली तीनदा जाऊन आली. दुसरी पायरी म्हणतोस ती तिला सापडते, पण डावीकडे एक कपार नाही, सात-आठ आहेत, आणि पाणी इतकं गढूळ की हाताला हात दिसत नाही. पाणी गढूळ का, तेही सांगते. तुला आईंनी फोनवर सांगितलं नसेल, कारण मी त्यांना सांगू दिलं नाही. बंदर वाढवतायत. पायऱ्यांच्या खडकाच्या अलीकडून थेट खडकापर्यंत दगडांचा नवा बांध येणार आहे. तराफे येऊन उभे आहेत, पहिले दगड पडलेसुद्धा. मे महिन्यात त्या खडकावरच दगड टाकायला सुरुवात होईल.

आम्ही बंदराच्या कार्यालयात गेलो होतो. तिथला अभियंता चांगला माणूस निघाला, खुर्ची दिली, ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही मला फोटो दाखवता तो पुठ्ठ्याच्या तुकड्याचा. हा प्राणी तिथे आता जिवंत आहे, एवढं तरी दाखवा, मग मी वरच्यांशी बोलतो." त्याचं काय चुकलं?

चष्मेवालीने काल थेट विचारलं, "त्यांना बोलावता येणार नाही का?" मी म्हटलं, त्यांना पाण्यात उतरायची बंदी आहे. ती म्हणाली, "उतरू नका म्हणावं. होडीत बसून दाखवा म्हणावं." तिला काय सांगणार?

तिला एवढंच माहीत आहे की तुझा अपघात झाला. होडीवरचं हवेचं यंत्र बंद पडलं, तू घाईने वर आलास, रक्तात हवेचे बुडबुडे अडकून पायातली संवेदना गेली, आणि होडीत बसता बसता म्हणालास, "माझा डावा पाय कुठे आहे?" हे तिने ऐकलंय. त्यानंतरचं वर्ष तिला माहीत नाही. केंद्राने मोठ्या मनाने तुला बरण्यांच्या खोलीत टेबल दिलं. तू खिडकीकडे पाठ करून बसायचास. बरण्यांतला मद्यार्क बदलायचा, झाकणं घट्ट करायची. एक दिवस मी खाली आले तर तू एका बरणीकडे बघत होतास आणि म्हणालास, "हे सगळे मी मारलेत." मी म्हटलं, आपण मारलेत. तू हसलास. पण पुढच्या महिन्यात तू डोंगरातल्या त्या गावाला निघालास, जिथून समुद्र गाठायला दोन दिवस लागतात. मी आले नाही. त्याचं मला वाईट वाटतं, चूक मात्र वाटत नाही. तू तिथे श्वास घेऊ शकत होतास, मी इथे.

आई कोणाकडे राहणार, हे आपण त्यांना विचारलंच नव्हतं, आठवतं? तू बॅग घेऊन दारात उभा, मी खांबाला टेकून. आई आतून भाजी चिरत म्हणाल्या, "मी इथेच. तिला डाळ कोणी शिजवून दिली नाही तर ती सूक्ष्मदर्शकच खाईल." तेवढ्यावर निकाल लागला.

आज दुपारी उगाच रेशमी रुमालाची आठवण झाली. पहिल्या वर्षी तू उथळ पाण्यातला एक शेंदरी स्पंज आणला होतास आणि मी म्हटलं होतं, ऐकलंय ते करून बघू. घरात बारीक विणीचं कापड एकच, आईंच्या आईने दिलेला रेशमी रुमाल. त्यात स्पंज गुंडाळला आणि समुद्राच्या पाण्यात पिळला. शेंदरी धुरासारखा उतरला, सगळ्या पेशी सुट्या. काचेच्या ताटलीत पसरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर त्या सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या होत्या, छोटे छोटे गोळे झाले होते. आठवड्याने त्या गोळ्यांना भोकं पडली आणि त्यातून पाणी वाहायला लागलं. तू भारावून काहीतरी बोलायला गेलास, संसार वगैरे, आणि मी म्हटलं, "यातून बोध काढायचा नाही. प्राणी आहे, फळ्यावरचा सुविचार नाही." तेवढ्यात आईंना रुमाल सापडला. त्यानंतर जे झालं त्यातूनही आपण बोध काढला नाही, पुढच्या वेळी त्यांची ओढणी घेतली.

येशील का? चष्मेवालीला गरज आहे.


२९ मार्च

अरे,

"येतो" एवढी दोनच अक्षरं कार्डावर, तीही वाकडी. टपाल फुकट जातं असं तुला वाटत नाही का?

गाडी सकाळी पोचते. होडीवाला तोच आहे, आता त्याच्या मिश्या पांढऱ्या झाल्यात. जाडा स्वेटर आणू नकोस, इथे उकडतंय. पायाचा पट्टा आण. तुझी जुनी खोली आईंनी झाडून ठेवली आहे. त्यांना मी सांगितलं नव्हतं, त्यांना कळलं. कसं, ते विचारू नकोस. टपालवाल्याला त्या रोज पाणी विचारतात.

मागच्या पत्रात शेवटी लिहिलं ते अर्धंच खरं होतं. चष्मेवालीला गरज आहे हे खरं. पत्र बंद केल्यावर मी पाकीट परत उघडून पुढे काही लिहिणार होते. डिंक वाळला होता.


२४ एप्रिल

अरे,

तुम्ही दोघं गेलात त्याला आठवडा झाला. आई सुखरूप पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी "हॅलो" म्हटलं आणि सवयीने "देते" म्हणाले. द्यायला कोणी नव्हतं. तुलाही कळलं असेल.

त्या दिवसांबद्दल आपण नीट बोललोच नाही. सारखं कोणी ना कोणी होतं. म्हणून लिहिते.

गाडीतून उतरलास तेव्हा मी तुला आधी ओळखलं नाही. काठीमुळे नाही. तू उन्हाने रापलेला नव्हतास. मी तुला कधीच गोरा बघितला नव्हता. तू म्हणालास, "काय बघतेस? मद्यार्कात रंग उतरतो." मला हसू आलं आणि रागही आला, इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे!

होडीत तू पुढे बसलास, मी मागे, होडीवाला आणि चष्मेवाली मध्ये. पायऱ्यांचा खडक दिसला तशी तुझी मान ताठ झाली. तू किनाऱ्यावरच्या दीपगृहाकडे बघितलंस, मग टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे, आणि होडीवाल्याला म्हणालास, "अजून पुढे. अजून. थोडं मागे. इथे टाक नांगर." ज्या जागेवर चष्मेवाली आधी तीनदा उतरली होती तिथून ती चांगली पन्नास हात दूर होती. ती म्हणाली, "पण दुसरी पायरी तर तिकडे आहे." तू म्हणालास, "तू वरून मोजलीस. मी खालून मोजायचो."

यावर होडीवाला जो हसला!

ती दोर बांधून उतरली. दोराचं टोक तुझ्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे सापडलं. तिला हे सगळं तूच होडीत शिकवलंस. ती खाली गेली आणि तू डोळे मिटून घेतलेस. बोटांवर दोर असा धरलास की जणू एखादा वैद्य नाडी बघतोय. मध्येच म्हणालास, "कपारीच्या तोंडाशी आहे. घाबरली आहे. थांबली. हां, शिरली." मला दोर नुसता लोंबताना दिसत होता.

मग बराच वेळ काही नाही.

तू काठी बाजूला ठेवलीस, शर्ट काढलास. मी उठले तशी होडी डुगडुगली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले. होडीवाल्यासमोर, इतक्या वर्षांनी, मी तुझं मनगट धरलं. तू म्हणालास, "उतरत नाही गं. नुसतं तोंड घालतो पाण्यात. बघू दे." मी तरी सोडलं नाही. मग तू होडीच्या कडेला पालथा झालास, मास्क लावलास, तोंड पाण्यात घातलंस, आणि मी तुझा एक हात धरून बसले. दुसऱ्या हातात दोर. तेवढ्यात दोराला तीन हिसके बसले, ते मलासुद्धा दिसले. होडीवाला टाळ्या वाजवायला लागला. पण तू तोंड वर काढलं नाहीस. खाली त्या गढूळ पाण्यात दिसण्यासारखं काही नव्हतं, मला माहीत आहे. तू मास्क काढलास तेव्हा आत पाणी होतं. मास्क गळका होता असं तू म्हणालास. मास्क नवा होता.

तिने कपारीच्या छताला असलेल्या स्पंजांचे फोटो काढले. एक छोटा, शिंपल्यावर वाढलेला, पाण्याखालीच बरणीत घालून झाकण लावून आणला, कारण हवा लागली तर स्पंजाच्या नळ्यांत बुडबुडे अडकतात आणि तो गुदमरतो. केंद्रात आल्यावर बरणी तशीच मोठ्या टाकीत बुडवली आणि मग झाकण काढलं. आई काठी टेकत आधीच येऊन बसल्या होत्या. शिपायाने त्यांना संचालकांची खुर्ची दिली होती आणि संचालक उभे होते.

खोलीच्या खिडक्या लावून तू विजेरी मारलीस.

मी आयुष्यात इतक्या सुया बघितल्या, इतके काप केले, इतक्या जातींची वर्णनं लिहिली. त्यात 'लाल' हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल. मला माहीत नव्हतं, अरे. तो लाल नुसता वर चोपडलेला नव्हता, आतून आलेला होता. आणि अंग किती मऊ, वरची बारीक भोकं अशी की जणू श्वास घेतोय. चष्मेवालीने नळीने त्याच्या कुशीशी हिरव्या रंगाचा एक थेंब सोडला. आपण सगळे बघत बसलो. काही झालं नाही. आई म्हणाल्या, "झोपलाय." आणि मग वरच्या मोठ्या भोकातून हिरवी रेघ निघाली, सरळ, न थांबता, धुरासारखी वर वर गेली. हृदय नसलेल्या प्राण्याच्या अंगातून. एका खोलीतला एक चाबूक दुसरा काय करतोय हे जाणत नाही, प्रत्येकजण आपापला फटकारा मारतो, आणि पाणी मात्र वाहतं. मी हे वर्गात शिकवलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटलं.

तू विजेरी धरली होतीस आणि टाकीकडे बघत नव्हतास. माझ्याकडे बघत होतास. मला दिसलं ते.

बंदराचा अभियंता दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेला. बांध थांबणार नाही. त्याने शब्द पाळला, वर बोलला, आणि दगड टाकायचं काम जूनपर्यंत पुढे गेलं, एवढंच. चष्मेवालीने मदतीला आणखी दोन पाणबुडे बोलावलेत. कपारीतल्या स्पंजांचे तुकडे करून पलीकडच्या बेटाच्या खडकावर दोऱ्याने बांधतायत. स्पंजाचा तुकडा कापला तरी त्याचा पूर्ण स्पंज होऊ शकतो. पहिले काही तुकडे खडकाला धरायला लागलेत, काही सडले. किती जगतील ते आत्ता सांगता येत नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहीत नाही.

आता आईंचं.

तू तिकीट काढायला गेला होतास तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "मी त्याच्याबरोबर जाते."

मी म्हटलं, "त्याने विचारलं?"

"तो कशाला विचारतोय! मीच ठरवलं. त्याची गळपट्टी बघितलीस? उसवलेली आहे. कोणी सांगितलं नाही त्याला."

"आई, मलाही कोणी सांगत नाही."

"तुला मी इतकी वर्षं सांगितलं. आता त्याची पाळी." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं माझ्यावाचून अडेल गं. पण तू ओरडशील, भांडशील, कोणाला तरी बोलावशील. तो नुसता बसून राहील."

त्यांची पिशवी मीच भरली. औषधं वरच्या कप्प्यात, चष्मा बाजूच्या, आणि तो कुप्रसिद्ध रेशमी रुमाल त्यांनी स्वतः घेतला, म्हणाल्या, तुझ्या हाती ठेवायची सोय नाही.

घर आता फार नीटनेटकं आहे. कोणी काही हलवत नाही. दूधवाला विचारत होता, "आजी कधी येणार?" भांडायला माणूस नाही म्हणून बिचारा उदास आहे. चष्मेवाली चहाला येते, आम्ही दोघी पत्र्याच्या डब्यातली बिस्किटं खातो आणि नव्या जातीचं वर्णन लिहितो. नावाचं तिने सुचवलंय, तुझ्यावरून ठेवायचं. मी म्हटलं, विचारून बघ, पण तो म्हणेल बरणीवर नाव नको. तू तसंच म्हणालास म्हणे. तेव्हा आम्ही कपारीवरून ठेवलं.

मी तुझ्यावर रागावले आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. मी तुला एका स्पंजासाठी बोलावलं आणि तू माझी सासू घेऊन गेलास.


१३ मे

अरे,

आईंनी फोनवर सगळं सांगितलं. वखारीच्या मालकाला त्यांनी लाकडं कशी रचायची ते शिकवलं, शेजारणीशी भांडण झालं आणि मिटलं, आणि तू आता दोन्ही वेळा गरम जेवतोस. त्या म्हणाल्या, "घराच्या मागे एक खोली रिकामी आहे. उजेड चांगला येतो. सूक्ष्मदर्शक ठेवायला टेबल आहे." मी म्हटलं, मला कशाला सांगता? त्या म्हणाल्या, "सहज. तो रोज पुसतो ते टेबल, म्हणून सांगितलं."

वर्णन पुरं झालं, पाठवलं. बेटावरचे तुकडे चष्मेवाली बघते आहे, निम्म्याहून जास्त तगलेत. तिला आता माझी तितकीशी गरज नाही, आणि हे लिहिताना मला वाटलं होतं तेवढं दुखत नाही.

मी साठलेली सगळी रजा टाकली. संचालकांनी विचारलं, "कुठे? परिषद आहे का? नमुने गोळा करायला?" मी म्हटलं, नाही. "मग काम काय?" मी म्हटलं, काही नाही. त्यांना ते पटेना, अर्जावर कारण काय लिहू म्हणाले. मी लिहिलं: घरगुती.

पुढच्या बुधवारी सकाळच्या गाडीने येते. किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही, तूही विचारू नकोस. तुमच्या त्या गावात बघण्यासारखं काय आहे ते मला माहीत नाही, तूच थोडं फिरवून दाखव.

आणि एक. स्टेशनवर तू एकटा ये. आईंना घरी ठेव, काहीही थाप मार. गाडीतून उतरल्यावर पहिली काही मिनिटं मला तुझ्याशी बोलायचंय, आणि त्यांनी एकदा तोंड उघडलं की मग आपला नंबर लागत नाही.